चार नंबरची टाकी

अर्जुना सरगर मूळचा आटपाडीच्या पुढचा. घराण्यात पिढ्यान् पिढ्या मेंढरंच. पण एका दुष्काळात त्याच्या बापानं कळप विकला, बायकोपोरांना घेऊन तो सांगलीला आला आणि हरिपुरात हळदीच्या पेवांवर हमाल म्हणून राहिला. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठी. वर माणूस कसाबसा उतरेल एवढंच तोंड, आणि आत घागरीसारखा पसरलेला खोल खड्डा. त्यात हळद वर्षानुवर्षं राहायची आणि तिला कीड लागायची नाही, कारण कीड जगायला हवा लागते आणि पेवात हवाच नसायची.

पेव उघडलं की हमाल लगेच आत उतरत नसत. झाकण काढून ठेवायचं, बाजूला बसून पान खायचं, गप्पा मारायच्या. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तरच माणूस खाली. शाळा सुटल्यावर अर्जुना बापाकडं जायचा तेव्हा त्यानं हे कितीदा तरी पाहिलं होतं. बाप म्हणायचा, "कंदील इझला तर घाई न्हाई करायची. हळद कुठं पळून जात न्हाई."

एकदा मात्र घाई झाली. बाजाराचा दिवस होता, गाडी भरायला उभी होती, आणि कुणीतरी कंदील न सोडताच उतरला. उतरला तो खाली बसलाच. त्याला काढायला दुसरा उतरला, तोही त्याच्या अंगावर पडला. तिसऱ्याला अर्जुनाच्या बापानं केस धरून मागं ओढलं. त्या दोघांना वर काढून ताडपत्रीवर ठेवलं तेव्हा अर्जुना तिथंच उभा होता. दोघांच्याही अंगावर कुठं जखम नव्हती. फक्त हातपाय हळदीनं पिवळे झाले होते, लग्नातल्या नवरदेवासारखे. ते चित्र त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही.

दोन हजार पाचच्या महापुरात ती पेवं बुडाली आणि बापाचं काम संपलं. बाप गावाकडं परतला. अर्जुनाचं आयटीआय तोवर झालं होतं. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात, एका साखर कारखान्याच्या कुंपणाला लागून सायट्रिक ॲसिड बनवणारा प्लांट होता, तिथं तो लागला. आधी हेल्पर, मग ऑपरेटर.

गावाकडचे लोक विचारायचे, तिथं काय बनवता? तो म्हणायचा, लिंबाचं सत्त्व. मग हमखास दुसरा प्रश्न यायचा, एवढी लिंबं येतात कुठनं? लिंबं नव्हतीच. शेजारच्या कारखान्यातून मळी यायची, साखर काढून घेतल्यावर उरणारी ती काळी, चिकट, जळक्या वासाची. ती पातळ करायची, उकळून निर्जंतुक करायची, आणि थंड झाली की तिच्यात काळी बुरशी सोडायची. भाकरी शिळी राहिली की तिच्यावर काळं फूल येतं, त्याच जातीची. प्लांटवरचे सगळे तिला विरजण म्हणत. दुधात विरजण घालावं तसंच ते होतं. आधी प्रयोगशाळेतल्या काचेच्या चंबूत, मग लहान टाकीत, मग तीन मजले उंच मोठ्या टाकीत. तिथं गेल्यावर बुरशी काळी राहत नसे, साबुदाण्यासारखे तिचे पांढुरके गोळे होत. खालून ब्लोअरनं सारखी हवा सोडायची, वेटोळ्या नळ्यांतून थंड पाणी फिरवायचं. पाचसहा दिवसांत ते गोळे मळीतली साखर खाऊन तिचं ॲसिड करून टाकत. पुढं गाळणं, चुना, सगळी खटपट होऊन शेवटी पांढरा शुभ्र दाणा बाहेर पडायचा, साखरेसारखाच दिसणारा. तो कोल्ड्रिंकमध्ये जायचा, जॅममध्ये, औषधात, कपडे धुवायच्या पावडरीत, बॉयलरचा क्षार काढायला.

अर्जुनाला हे काम आवडायचं. हवा पाच मिनिटं बंद पडली तरी ती बुरशी गुदमरते, उष्णता वाढली तर रुसते, हे सगळं त्याला मेंढरं राखण्यासारखं वाटायचं. लक्ष ठेवावं लागे, बस.

त्याचं लग्न मामाच्या मुलीशी झालं. स्वप्नाली तिचं नाव. मामा तोवर वारला होता. गावाकडच्या घरात मामी अंबूबाई, थोरला मुलगा बिरदेव, त्याची बायको राहीबाई आणि धाकटा विश्वजित, ज्याला घरचे ईश्वा म्हणत. थोडी डाळिंबं आणि पंधरावीस मेंढरं, त्यावर तेवढी माणसं चालत नव्हती. अंबूबाईनंच एकदा अर्जुनाकडं विषय काढला. त्यानं साहेबांना विचारून आधी बिरदेवला ठेकेदाराकडं टाक्या धुण्याच्या कामावर लावलं, आणि दोन वर्षांनी विश्वजितला दाणा भरायच्या विभागात. दोघे मेहुणे सुरुवातीला त्याच्याच घरी राहायचे. लहानपणी सुट्टीत एकत्र खेळलेले मामेभाऊ ते, नातं तसं दुहेरी होतं.

बिरदेव हसऱ्या स्वभावाचा. टाकी धुवून वर आला की अंगाला आंबट-गोड वास यायचा आणि हाताच्या भेगा ॲसिडनं चरचरायच्या, पण त्याची चेष्टा चालूच. बाजारात कोल्ड्रिंकची बाटली दिसली की विश्वजितला म्हणायचा, आपल्या घरचा माल हाय, पी. विश्वजित त्याच्या मागं मागं असायचा. बाप गेला तेव्हा तो लहान होता. बिरदेवनंच त्याला वाढवलं.

ज्या दिवशी ते घडलं त्या दिवशी सकाळची पाळी होती. आदल्या रात्री चार नंबरची टाकी रिकामी केली होती आणि संध्याकाळपर्यंत ती धुवून नव्या मळीसाठी तयार हवी होती. टाकी रिकामी झाली तरी तळाला आणि वेटोळ्या नळ्यांना बुरशी चिकटून राहते, आणि ती जिवंत असते. तीही श्वास घेते. बंद टाकीतली हवा ती खाऊन टाकते आणि माणसाला न चालणारी जड हवा सोडते. ती पाण्यासारखी तळाला साठून राहते. दिसत नाही, वासही येत नाही. म्हणून धुण्याआधी टाकीत तासन् तास ताजी हवा सोडायची, मग यंत्रानं तपासायचं, मग कमरेला दोर बांधून माणूस उतरवायचा, असा नियम होता. त्या दिवशी तीन नंबरच्या टाकीचा ब्लोअर बिघडला होता. तिच्यातला माल मरू नये म्हणून चार नंबरची हवा तिकडं वळवली होती. तपासायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. आणि चार नंबरचं खालचं तोंड बुरशीच्या गोळ्यांनी तुंबलं होतं, पाणी निघत नव्हतं.

बिरदेव पाण्याचा पाइप घेऊन टाकीच्या वरच्या तोंडाभोवतीच्या लोखंडी जाळीवर आला तेव्हा अर्जुनानं त्याला सांगितलं, थांब जरा, तीन नंबरला फेस लय चढलाय, तेवढं बघून येतो, मग हवेचं काय ते करू. बिरदेव जाळीवर टेकून बसला. बसायची त्याची तयारी होती, हे अर्जुनाला नंतर नेहमी आठवायचं. पण शिफ्टचा साहेब मध्येच येऊन, अजून सुरुवात नाही का, असं विचारून गेला. आणि यापूर्वी असं दोरबिर न बांधता पटकन उतरून तोंड मोकळं करून वर येणं बिरदेवनं केलं होतं. खरं तर अर्जुनानंही केलं होतं. दरवेळी निभावलं होतं.

अर्जुना परत आला तेव्हा पाइप टाकीच्या तोंडातून खाली सोडलेला होता आणि आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. बाकी काही नाही. त्यानं हाक मारली. मग टॉर्च मारला. तळाशी घोटाभर पाणी, त्यात बिरदेव कुशीवर पडलेला. त्याचा एक हात वेटोळ्या नळीवर होता आणि त्या हाताची बोटं हळूहळू उघडत मिटत होती.

अर्जुनाचा पाय आपोआप शिडीकडं गेला, आणि तिथंच थांबला. पुढचं सगळं त्यानं केलं ते अंगात भिनलेलं असल्यासारखं केलं. घंटा वाजवली, ओरडून श्वासाचा मास्क मागवला, बाजूच्या हवेच्या नळाचा रबरी पाइप ओढून आणून तोंडातून खाली सोडला आणि नळ पूर्ण उघडला. मास्क आला, पण त्याची पाठीवरची हवेची टाकी रिकामी होती. शेजारच्या कारखान्यातून दुसरी आणायला मास्क आणणारा माणूसच मोटरसायकलवर पळाला.

तेवढ्यात विश्वजित जिना चढून आला. अंगावर पांढरी पावडर, डोक्याला फडकं. त्यानं टाकीत पाहिलं आणि सरळ तोंडाकडं झेप घेतली. अर्जुनानं मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. दोघं जाळीवर पडले. विश्वजित पंचविशीतला, कुस्त्या खेळलेला गडी. अर्जुनाला त्याला आवरता येईना. आत हवा न्हाई, मरशील, असं तो कानात ओरडत होता. विश्वजितनं त्याच्या मनगटाला चावा घेतला, हाडापर्यंत. अर्जुनाची मिठी सुटली.

मग जे झालं ते त्या दोघांशिवाय कुणी पाहिलं नाही. विश्वजित मोकळा झाला. त्यानं दोन्ही पाय टाकीच्या तोंडातून आत सोडले, शिडीच्या पहिल्या पायरीवर टेकवले आणि खाली पाहिलं. बिरदेवची बोटं अजून हलत होती. विश्वजित तसाच बसून राहिला. किती वेळ, ते अर्जुनाला कधीच सांगता आलं नसतं, फार नव्हता. मग विश्वजितनं पाय बाहेर ओढून घेतले. आधी एक, मग दुसरा. त्यानं मान वळवून अर्जुनाकडं पाहिलं. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

अर्जुनानं पुढं होऊन त्याला पुन्हा धरलं. या वेळी विश्वजितनं अंग टाकून दिलं होतं, धरायची गरजच नव्हती. जिन्यावर माणसांचे पाय वाजले, आणि विश्वजित ओरडायला लागला, "सोडा मला, दाजी, सोडा." वर आलेल्या सगळ्यांनी पाहिलं ते एवढंच: भाऊ आत मरतोय, धाकटा उतरायला तडफडतोय, आणि अर्जुनानं त्याला करकचून धरून ठेवलंय.

मास्क लावून माणूस उतरला आणि बिरदेवला वर काढलं तोवर सगळं संपलं होतं.

चौकशी झाली. मयतानं नियम मोडला, असं त्यात ठरलं. शिफ्टच्या साहेबाची बदली झाली. टाकीवर मोठ्या लाल अक्षरांत पाटी लागली.

गावाकडं मयत नेलं तेव्हा अंबूबाई दारात उभी होती. ती रडली नाही. बिरदेवचं तोंड बघून झाल्यावर तिनं विश्वजितला विचारलं, तू कुठं हुतास? विश्वजित खाली बघत म्हणाला, "मी उतरत हुतो. दाजींनी सोडलं न्हाई."

सगळं गाव अर्जुनाकडं पाहायला लागलं. स्वप्नाली आईच्या शेजारी होती, तीही पाहत होती. अर्जुनाच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं आणि ते ओलं झालं होतं. तो म्हणाला, "व्हय. म्या धरलं."

त्या क्षणी तो दुसरंही काही बोलू शकला असता. पण विश्वजितचा चेहरा त्याला दिसत होता. पोरगं नुकतंच भाऊ गमावून बसलं होतं, आणि त्याच्या पायरीवरच्या पायांची गोष्ट बाहेर आली असती तर गावानं त्याला कायमचा भित्रा ठरवलं असतं. पाय मागं घेतले हे शहाणपण होतं, असं अर्जुनाला मनापासून वाटत होतं. पण ते गावाला कोण पटवणार? त्यापेक्षा आपल्याला काय म्हणायचं ते म्हणू देत, असा त्यानं विचार केला. हे आयुष्यभर पुरणार आहे, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही.

दहाव्याला त्याला कुणी बोलावलं नाही. नंतर अंबूबाईनं निरोप धाडला, लेकीनं यावं, जावयानं येऊ नये.

विश्वजितनं प्लांट सोडला आणि गावाकडं दुधाचा टेम्पो चालवायला लागला. चार माणसं जमली की तो ती गोष्ट सांगायचा. दर वेळी तो टाकीच्या थोडा जवळ गेलेला असायचा. पुढं पुढं तर तो अर्धी शिडी उतरला होता आणि अर्जुनानं त्याला दंडाला धरून वर ओढलं होतं. हे अर्जुनाच्या कानावर यायचं. तो ऐकून घ्यायचा.

कंपनीनं राहीबाईला दाणा भरायच्या कामावर घ्यायची तयारी दाखवली होती. अंबूबाईनं साफ नकार दिला. राहीबाई शिलाई करून घर चालवायला लागली. अंबूबाईनं त्या घरात आणखी एक सुरू केलं. दुकानातून कुठलंही पाकीट आलं की ते राहीबाईपुढं धरायचं आणि विचारायचं, वाच, ह्यात ते लिंबाचं सत्त्व हाय का? राहीबाई दहावी झालेली, तिला बारीक अक्षरातलं वाचता यायचं. सुरुवातीला दोघींना वाटलं होतं की कोल्ड्रिंक सोडलं की झालं. पण ते जॅममध्ये निघालं, गोळ्या-चॉकलेटात निघालं, सरबताच्या पुडीत, खोकल्याच्या औषधात, भांडी घासायच्या साबणात, आणि कुणी पाव्हण्यानं आणलेल्या तोंडाला लावायच्या क्रीममध्येसुद्धा. निघेल ते अंबूबाई उकिरड्यावर फेकून यायची. राहीबाईनं एकदा स्वप्नालीला सांगितलं की आता ती वाचल्यासारखं करते आणि न्हाई म्हणते, न्हाईतर घरात काही उरायचं नाही. एका उन्हाळ्यात अंबूबाईला जुलाब लागले. डॉक्टरनं मीठ-साखरेची पुडी दिली, तर तिनं आधी त्याला विचारलं, ह्यात काय काय हाय? डॉक्टरनं सगळं वाचून दाखवलं. तिनं ती घेतली नाही.

इकडं अर्जुना त्याच प्लांटवर राहिला. सोडावंसं वाटलं, पण दुसरं काय येत होतं? चार नंबरची टाकी पुन्हा सुरू झाली होती. पाळीत ती वाट्याला आली की तो तिच्यावरही तसंच लक्ष ठेवायचा. नवे हेल्पर आले की त्यांना हवेचं समजावून सांगायचा, आणि कुणी दोर न बांधता तोंडाजवळ गेला तर शिव्या द्यायचा. एरवी तो शिव्या देणारा नव्हता. पोरं त्याच्या मागं हसायची. कुणीतरी त्यांना जुनी गोष्ट सांगितलेली असायचीच.

स्वप्नालीनं त्याला सोडलं नाही. पण दिवाळीला ती एकटी माहेरी जायची, दोन भावांऐवजी एकाला ओवाळून यायची आणि आल्यावर चार दिवस बोलायची नाही. तिनं त्याला एकदाच विचारलं होतं, पहिल्या वर्षी. भांडी घासत होती, पाठमोरीच होती. "तुमी धरलं नसतं, तर ईश्वा बिरदेवदादाला काढू शकला असता?"

"न्हाई," तो म्हणाला. "दोघंबी गेली असती."

"तुमाला कसं म्हाईत?"

त्यानं हरिपूरच्या पेवाचं सांगितलं. तिनं ऐकलं. तिला पटलं असावं. पण पटल्यामुळं काही हलकं झालं नाही. तो तिच्या भावाला मरताना बघत वर उभा राहिला होता, हे खोटं थोडंच होतं? तोही हेच स्वतःला विचारायचा. हवेचा पाइप आणखी लवकर सोडला असता तर? तीन नंबरचा फेस बघायला गेलोच नसतो तर? आणि त्या दोघांना कामाला लावलं कुणी होतं?

अशी सहासात वर्षं गेली. मध्ये महापूर आला, प्लांट महिनाभर पाण्यात होता. मग कोरोना आला, तेव्हा मळीची टंचाई झाली, पुन्हा सुरळीत झालं. विश्वजितनं लग्न केलं नाही. संध्याकाळी पिऊ लागल्याचं ऐकू यायचं.

मग अंबूबाईची मूत्रपिंडं गेली. मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टरांनी आता घरी न्या म्हटलं त्या दिवशी सकाळी तिनं स्वप्नालीला सांगितलं, अर्जुनाला बोलव.

तो पाळीवरून तसाच आला. राहीबाई सामान बांधत होती, विश्वजित खाटेच्या पायथ्याशी उभा होता. अर्जुनाला बघून तो खिडकीकडं वळला. अंबूबाई एवढीशी झाली होती. तिनं हातानंच त्याला जवळ बसायची खूण केली.

"तुला लय दिस दार बंद केलं," ती म्हणाली.

"असू दे, मामी."

"असू दे न्हवं. ऐक." तिला दम लागत होता. "तू सोडलं असतंस तर दोन पोरं एका दिवशी मातीत घालावी लागली असती मला. एवढं कळत न्हवतं असं न्हाई. पर ह्यो ईश्वा पुढ्यात बसायचा. ह्येच्यासमोर कसं म्हणू? ह्येला वाटलं असतं, आयला थोरल्याचं काय न्हाई."

स्वप्नाली रडायला लागली. अर्जुनानं मामीचा हात धरला. तो सुजलेला आणि गार होता. अंबूबाईनं मान वळवली. "ईश्वा, आता दाजीशी बोलत जा. त्येनं तुला ठिवला म्हणून मला एक तरी ऱ्हायला."

विश्वजित बाहेर गेला.

अर्जुना त्याच्या मागोमाग गेला. दवाखान्याच्या मागं मोटरसायकली लावायची जागा होती, तिथं भिंतीला टेकून विश्वजित उभा होता. एवढ्या वर्षांत दोघं पहिल्यांदाच समोरासमोर एकटे होते. विश्वजितनं त्याच्याकडं न बघता विचारलं, "आयला सांगितलंत?"

"काय?"

"तुमाला म्हाईत हाय काय ते."

"म्या कुणाला कायबी सांगितलं न्हाई."

"ताईला?"

"तिलाबी न्हाई."

विश्वजितचे डोळे लाल, तारवटलेले होते, पिणाऱ्याचे असतात तसे. अर्जुनाला त्याची फार कीव आली. आज मामीनं आपल्याला मोकळं केलं तसं यालाही कुणीतरी मोकळं करायला हवं, असं त्याला वाटलं. एक वाक्य त्यानं कित्येक वर्षं मनात तयार ठेवलं होतं, कधीतरी धीर द्यायला उपयोगी पडेल म्हणून. ते त्यानं म्हटलं.

"पाय मागं घेतलंस ते बरं केलंस, गड्या. म्याबी न्हाई उतरलो."

विश्वजितनं त्याच्याकडं पाहिलं, आणि अर्जुनाला कळलं की आपण चुकलो. त्या गोष्टीला आजवर शब्द नव्हते. दोघांनाही ती माहीत होती, पण बोललेली नव्हती, आणि न बोललेल्या गोष्टीवर विश्वजितनं आपलं सगळं उभं केलं होतं. अर्धी शिडी उतरल्याचं तो सांगत आला होता, आणि सांगता सांगता त्याचाही त्यावर विश्वास बसला असेल. आईनं दाजीला माफ केलं. दाजीनं पायांचं बोलून दाखवलं. राग धरायला आता कुणी उरलंच नव्हतं.

"जावा तुमी," विश्वजित म्हणाला. "आय वाट बघत आसंल."

तीन दिवसांनी अंबूबाई गेली. मातीला अर्जुना गेला. या वेळी कुणी अडवलं नाही, उलट एकदोघांनी पुढं बोलावून खांद्याला जागा दिली. पुढच्या बाजूला विश्वजित होता. तो सगळे विधी नीट करत होता. तेराव्यानंतर त्यानं टेम्पोची किल्ली राहीबाईच्या हातात दिली, मेंढरं बघायला चुलतभावाला सांगितलं, आणि सकाळच्या एसटीनं निघून गेला. कुठं, ते सांगितलं नाही.

दोनतीन महिने फोन लागत नव्हता. मग गावातल्या एकानं त्याला कोयनानगरला पाहिलं. धरणाकडं जाणाऱ्या घाटरस्त्यावर एका हॉटेलात तो काम करत होता. स्वप्नाली जायचं म्हणाली. अर्जुनानं सुट्टी टाकली. दोघं कऱ्हाडवरून पाटणमार्गे एसटीनं गेले.

हॉटेल लहानच होतं, पत्र्याचं. विश्वजित पुसायचं फडकं खांद्यावर टाकून बाहेर आला. ताईला बघून त्याच्या चेहऱ्यावर काही हललं, पण तेवढंच. बारीक झाला होता. दिवसाउजेडीच त्याच्या तोंडाला वास येत होता. स्वप्नालीनं त्याच्या दंडाला हात लावला, घरी चल म्हणाली, राहीवहिनी एकटी पडलीय म्हणाली, तुझं लग्न बघू म्हणाली. तो नुसता, बरं हाय इथं, एवढंच म्हणत राहिला. त्यानं दोघांना चहा दिला, भजी दिली, पैसे घेतले नाहीत. समोर बसला मात्र नाही. अर्जुनाच्या पुढ्यात कप ठेवताना त्यानं नजर कपावरच ठेवली.

एकदा आत जाऊन अर्जुनानं त्याला गाठायचा प्रयत्न केला. मोरीपाशी तो गिलास विसळत होता. अर्जुना म्हणाला, "माझं चुकलं त्या दिवशी. बोलाय नको हुतं."

"तुमी खोटं काय बोलला न्हाई," विश्वजित म्हणाला. पुढचा गिलास त्यानं पाण्यात बुडवला. "म्हणून तर."

परतीच्या एसटीत स्वप्नाली खिडकीशी बसली होती. घाट संपेपर्यंत ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "त्यानं तुमच्याकडं एकदाबी बघितलं न्हाई. आय सांगून गेली, तरीबी. काय हाय तुमच्या दोघांत?"

अर्जुना पुढच्या सीटच्या दांडीकडं पाहत होता. सांगितलं असतं तर कदाचित स्वप्नाली त्याच्याकडं पूर्वीसारखी वळली असती. एवढी वर्षं एकट्यानं वागवलेलं ओझं उतरलं असतं. पण तिला आता एकच भाऊ उरला होता, आणि तोही असा. तो भावासाठी उतरत होता, एवढीच त्याची चांगली आठवण तिच्याकडं होती, तीही काढून घ्यायची?

"काय न्हाई," तो म्हणाला.

"मग तो गेला का?"

"म्हाईत न्हाई."

तिनं त्याच्याकडं वळून पाहिलं. त्याला खोटं बोलता येत नाही, हे तिला लग्नाआधीपासून माहीत होतं. तरी तिनं पुन्हा विचारलं नाही. पदर डोक्यावरून घेऊन तिनं खिडकीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. झोपली नव्हती, हे त्याला कळत होतं. कऱ्हाडला गाडी बदलताना दोघांनी पिशव्या वाटून घेतल्या. पुढच्या गाडीत जागा एकत्र मिळाली नाही. ती पुढं बायकांच्यात बसली, तो मागं दाराशी उभा राहिला, आणि तसेच ते घरी पोचले.